पंचगंगेकाठची गाडीवाट : हातकणंगले परिसरातील एका कच्च्या मार्गाचा इतिहास

पंचगंगा ही कोल्हापूर जिल्ह्याची मुख्य नदी होय. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या आणि श्रद्धेने गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमानंतर प्रयाग चिखलीपाशी तिला हे नाव मिळते. तेथून ती कोल्हापूर शहराच्या उत्तर अंगाने पूर्वेकडे वळते, सपाटीला लागते आणि नागमोडी वळणे घेत नृसिंहवाडीला कृष्णेत विलीन होते. नदीच्या या पूर्वेकडील प्रवासाला समांतर असा एक जुना मार्ग आहे. कोल्हापूरहून शिरोली, हेर्ले, चोकाक, अतिग्रे, हातकणंगले, निमशिरगाव असा तो कृष्णाकाठाकडे, म्हणजे सांगली-मिरजेच्या दिशेने जातो. त्याची लांबी सुमारे ५० किलोमीटर असून आज तो नागपूर-रत्नागिरी राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे. तथापि त्याच्या आयुष्याचा फार मोठा काळ मातीचा आणि मुरमाचा होता. त्या कच्च्या मार्गाने आणि त्याला दोन्ही अंगांनी येऊन मिळणाऱ्या गाडीवाटांनी हातकणंगले तालुक्याचे बाजार, कारखाने आणि यात्रा कशा घडवल्या, तसेच तो मार्ग आखताना पूर्वजांनी नदीशी कोणता व्यवहार केला होता, हे पाहणे या लेखाचे प्रयोजन आहे.

मळी आणि माळ

हातकणंगले तालुका दोन नद्यांच्या मधोमध वसला आहे. उत्तरेला वारणा, दक्षिणेला पंचगंगा आणि मध्ये आळते, रामलिंग, कुंभोज-बाहुबली या डोंगरटेकड्यांची ओळ अशी त्याची सर्वसाधारण ठेवण असून हुपरी, पट्टणकोडोली यांसारखी काही गावे पंचगंगेच्या दक्षिणेलाही येतात. टेकड्यांपासून नदीकडे उतरत गेले की जमिनीचे दोन थर स्पष्टपणे वेगळे दिसतात. नदीलगतच्या, पुराने वर्षानुवर्षे गाळ आणून टाकलेल्या काळ्या जमिनीला या भागात मळी म्हणतात, आणि तिच्या वरच्या अंगाला असलेल्या, पातळ मातीच्या व मुरमाच्या जमिनीला माळ म्हणतात. मुरूम म्हणजे बेसॉल्ट हा काळा पाषाण ऊन-पावसाने कुजून तयार झालेली भुसभुशीत, तांबूस-पिवळसर खडेमाती.

रस्त्याच्या दृष्टीने या दोन थरांचे गुणधर्म परस्परविरुद्ध आहेत. काळ्या मातीतील चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात. त्यामुळे पावसाळ्यात तिच्यावरून भरलेली बैलगाडी नेणे जवळपास अशक्य होते, कारण चिखल चाकाला चिकटत जाऊन आऱ्यांमधल्या फटी भरून निघतात आणि आखापर्यंत गाडी रुतते. मुरूम मात्र पाणी खाली झिरपू देतो, दाबला की घट्ट बसतो आणि दोन उन्हे पडताच पुन्हा चालता होतो. म्हणून खोऱ्यातील मुख्य वाट नदीच्या अगदी काठाने गेली नाही. पूर जेथवर चढतो त्या रेषेच्या वर, मळी संपते आणि माळ सुरू होतो त्या सांध्यावरून तिने आपला मार्ग धरला. गावे पाण्यासाठी नदीला धरून राहिली, वाट कोरड्या पायासाठी माळाला धरून राहिली, आणि या दोहोंना जोडणाऱ्या, दोन्ही बाजूंना बांध व झाडोरा असलेल्या अरुंद शेतवाटांना पाणंद हे नाव मिळाले.

ही रचना कोणा एका अभियंत्याने कागदावर आखलेली नव्हती. ती बैलांच्या खुरांनी आणि गाड्यांच्या चाकांनी पिढ्यानपिढ्या तपासून निश्चित केलेली होती. डोंगराकडून नदीकडे धावणारे ओढे वाटेला आडवे येत, आणि जेथे पात्र उथळ, तळ खडकाळ व काठ उतरता असे तेथेच वाट ओढा ओलांडी. पुढे याच उतारांवर दगडी फरश्या बांधल्या गेल्या. फरशी म्हणजे ओढ्याच्या तळालगत बसवलेली दगडी पट्टी, जिच्यावरून कोरड्या दिवसांत गाडी जाते आणि पावसात पाणी जाते.

सरहद्दीचा मुलूख

सतराव्या शतकाच्या अखेरीपासून या खोऱ्याला राजकीय महत्त्व आले. स्वराज्याचे सेनापती धनाजी जाधव यांचे निधन १७०८ मध्ये वारणेच्या बाजूस वडगाव येथे झाले आणि आजच्या पेठ वडगावात त्यांची समाधी आहे. सातारा आणि कोल्हापूर या छत्रपतींच्या दोन गाद्यांमधील संघर्षाचा शेवट १३ एप्रिल १७३१ रोजी झालेल्या वारणेच्या तहाने झाला. या तहान्वये वारणा नदी ही दोन राज्यांची सरहद्द ठरली व तिच्या दक्षिणेकडील मुलूख कोल्हापूरच्या संभाजी महाराजांकडे आला. त्यामुळे आजचा हातकणंगले तालुका करवीर, म्हणजे कोल्हापूर, राज्याचा उत्तरेकडील सीमाप्रदेश बनला, आणि ज्या वाटेने व्यापारी मिरजेकडे जात त्याच वाटेने फौजाही येऊ-जाऊ लागल्या.

मराठी राज्यकर्त्यांचा वाटेविषयीचा दृष्टिकोन दुहेरी होता, याचा पुरावा करवीर राज्याच्याच एका ग्रंथात मिळतो. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात एकीकडे साहुकारांना राज्याची शोभा मानून त्यांचे सर्व प्रकारे रक्षण करावे असे सांगितले आहे, तर दुसरीकडे गडाकडे जाणारे मार्ग सुगम ठेवू नयेत, सुगम असतील तर ते अवघड करावेत, असा उपदेश आहे. व्यापाराला सुलभ वाट हवी, संरक्षणाला दुर्गम वाट हवी, या पेचात सपाटीवरील मार्ग हेतुपुरस्सर बांधून काढण्याची गरज कोणत्याच सत्तेला फारशी वाटली नाही. मालाची वाहतूक बहुतांशी बैलांच्या पाठीवरून होई. लमाणांचे तांडे कोकणातून मीठ आणत आणि घाटावरचे धान्य खाली नेत. पाठीवर ओझे वाहणाऱ्या बैलाला रुंद रस्त्याची आवश्यकता नसते, त्याला वाटेत पाणी, चारा आणि मुक्कामाची जागा मिळाली म्हणजे पुरे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात करवीरच्या छत्रपतींनी राजधानी पन्हाळ्यावरून कोल्हापुरास आणली. डोंगरावरील सत्ताकेंद्र खोऱ्यात उतरले आणि खोऱ्यातील वाटेला राजमार्गाची जागा मिळाली. याच काळात मिरज, सांगली भागातील पटवर्धन सरदार आणि कोल्हापूर यांच्यात वारंवार लढाया झाल्या. सप्टेंबर १७९९ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धन पट्टणकोडोलीच्या रणात पडले, ती जागा याच पंचगंगाखोऱ्यात आहे. दसऱ्यानंतर सीमोल्लंघन करून मोहिमेस निघण्याची जी परंपरा होती तिच्यामागे पावसाळ्यात न चालणाऱ्या वाटांचे भान होते. सप्टेंबरातील ही लढाई त्या शिरस्त्याला अपवाद होती.

दुष्काळ, मुरूम आणि खडी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास परिस्थिती पालटली. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर कोल्हापूर संस्थानचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली गेला. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरातील २७ व्या पलटणीने उठाव केला, तेव्हा भर पावसाळ्यात सैन्य हलवण्यातील अडचण सत्ताधाऱ्यांना प्रकर्षाने जाणवली. पुणे-बेळगाव-बंगळूर या हमरस्त्याला, म्हणजे लष्कर, टपाल आणि व्यापार यांच्या मुख्य मार्गाला, या काळात प्राधान्य मिळाले. हा हमरस्ता किणी येथे वारणा ओलांडून हातकणंगले तालुक्यात शिरतो आणि शिरोलीजवळ पंचगंगेपाशी येतो. पूर्व-पश्चिम धावणारी खोऱ्याची वाट त्याला शिरोलीपाशीच मिळते. त्यामुळे उत्तर-दक्षिण हमरस्ता पुढारला तशी या आडव्या मार्गाचीही सुधारणा क्रमप्राप्त ठरली.

सुधारणेचा क्रम ठरलेला असे. प्रथम वाटेची रुंदी आखून दोन्ही कडांना चर खणले जात आणि त्या चरांतील माती मधोमध टाकून रस्ता किंचित उंच, माशाच्या पाठीसारखा फुगीर केला जाई, जेणेकरून पावसाचे पाणी चरांत उतरावे. त्यावर माळावरून आणलेला मुरूम पसरून पाणी मारून दाबला जाई. एवढ्यावर काम थांबले तर तो मुरमी रस्ता. जेथे रहदारी अधिक तेथे मुरमाच्या खाली किंवा वर फोडलेल्या दगडाचा, म्हणजे खडीचा थर देऊन तो दगडी रुळाने दाबत, आणि मग तो खडीचा रस्ता म्हणवला जाई. स्कॉटिश अभियंता जॉन मॅकॅडम याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केलेली ही पद्धत होती. लहान आकाराचे कोनदार दगड एकमेकांत गुंतून घट्ट बसतात आणि खालची जमीन कोरडी राहिली तर भार पेलतात, हे तिचे मर्म होते. दख्खनच्या काळ्या पाषाणाला ही पद्धत उत्तम मानवली, पण ती खर्चिक होती, आणि म्हणून मोजके हमरस्ते खडीचे झाले तरी गावोगावच्या वाटा मुरमाच्या किंवा निव्वळ मातीच्याच राहिल्या.

या कामाची खरी गती दुष्काळाने ठरवली. १८७६ ते १८७८ या महादुष्काळात आणि पुन्हा १८९६-९७ मध्ये उपाशी माणसांना मजुरी देण्यासाठी जी कामे काढली गेली त्यांत रस्ते, तलाव आणि विहिरी यांचा मोठा वाटा होता. राजर्षी शाहू महाराजांनी २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती घेतल्यावर अवघ्या दोन-तीन वर्षांत हे संकट ओढवले. त्यांनी दुष्काळी कामे काढली आणि कामावर येणाऱ्या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांसाठी शिशुगृहेही उघडली. रस्त्याच्या कडेला बसून हातोडीने दगड फोडणाऱ्या, डोक्यावरून मुरमाच्या पाट्या वाहणाऱ्या या माणसांची नावे कोणत्याही कोनशिलेवर नाहीत. त्यांच्याबरोबरच वडार समाजाच्या श्रमांची नोंद घेणे अगत्याचे आहे. मातीकाम करणारे मातीवडार, दगड वाहणारे गाडीवडार आणि दगड घडवणारे पाथरवट हे या कामांचे कसबी कारागीर होत. गाडीवडारांचा बुटका, भरीव चाकांचा गाडा खाणीतून जड शिळा अलगद उचलून आणण्यासाठी मुद्दाम तसा बनवलेला असे.

मुरमी रस्ता बांधण्यापेक्षा तो टिकवणे कठीण होते, आणि त्याचे कारण बैलगाडीच्या चाकात होते. लाकडी तुंब्यातून निघालेले आरे पुठ्ठ्यांमध्ये, म्हणजे चाकाच्या परिघाच्या लाकडी तुकड्यांमध्ये, बसवलेले असत आणि त्या सर्वांना आवळून धरण्यासाठी बाहेरून लोखंडी धाव चढवली जाई. लोहार शेणाच्या गोवऱ्या वर्तुळात रचून त्यात ही धाव लाल होईतो तापवी, फुललेली धाव सांडशीने उचलून चाकावर बसवी आणि लगेच पाणी ओती. थंड होताना लोखंड आकसे आणि अवघे चाक एकजीव होई. ही धाव दोन-अडीच बोटे रुंदीची असल्यामुळे भरलेल्या गाडीचा सारा भार चिंचोळ्या पट्टीवर येई. एकामागून एक गाड्या त्याच रेषेवरून गेल्या की रस्त्यात दोन खोल चाकोऱ्या पडत, पावसाचे पाणी त्यांतून वाहू लागे आणि पुढच्या हंगामापर्यंत त्यांचे घळीत रूपांतर होई. म्हणून दर वर्षी पावसाळा संपला की चाकोऱ्या बुजवणे, चर साफ करणे आणि मुरमाचा नवा हात देणे हा शिरस्ता होता. जेथे तो पाळला गेला तेथे रस्ता टिकला, जेथे चुकला तेथे तीन-चार पावसांत पुन्हा मूळची वाट उरली.

यात आणखी एक अडचण होती. हा मुलूख एका सत्तेखाली नव्हता. आजच्या हातकणंगले तालुक्याचा बराचसा भाग संस्थानच्या आळते पेट्यात, म्हणजे महसुली विभागात, मोडत असला, तरी इचलकरंजी आणि कागल या जहागिरी स्वतंत्र कारभार करीत, आणि पूर्वेला कुरुंदवाड, मिरज, सांगली ही पटवर्धनांची संस्थाने लागत. मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याने जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल करून त्यातून रस्ते व शाळा चालवण्याची व्यवस्था लावली गेली होती. तशी एकसूत्री व्यवस्था या विखुरलेल्या मुलखात बसवणे अवघड होते, कारण पाच-दहा मैलांच्या अंतरात मालक बदलत असे आणि एकाने केलेला रस्ता दुसऱ्याच्या हद्दीत जाऊन चिखलात संपत असे.

रेल्वे आणि तिच्यापर्यंतची वाट

३ मे १८८८ रोजी शाहू महाराजांच्या हस्ते कोल्हापूर-मिरज रेल्वेच्या कामाचा आरंभ झाला आणि २१ एप्रिल १८९१ रोजी ही रेल्वे सुरू झाली. संस्थानच्या खर्चाने बांधलेला हा २९ मैलांचा, म्हणजे सुमारे ४७ किलोमीटरचा लोहमार्ग खोऱ्याच्या जुन्या वाटेला जवळजवळ समांतर गेला. वळिवड्यानंतर पंचगंगा ओलांडून तो रुकडीला येतो आणि तेथून हातकणंगल्यास पोहोचतो. रेल्वेमुळे गाडीवाट निरुपयोगी होईल अशी अपेक्षा होणे साहजिक होते, परंतु प्रत्यक्षात उलटे घडले. लांब पल्ल्याची पूर्व-पश्चिम वाहतूक रेल्वेकडे गेली खरी. मात्र स्थानकापर्यंत माल आणणाऱ्या आणि स्थानकापासून माल नेणाऱ्या आडव्या वाटांवर पूर्वी कधी नव्हती इतकी वर्दळ वाढली, आणि हातकणंगले हे एरवी साधे असलेले गाव चारी दिशांच्या गाड्यांचा तळ बनले.

याचे सर्वांत ठळक उदाहरण इचलकरंजीचे आहे. पंचगंगेच्या उत्तर काठावरील या जहागिरीच्या गावाला रेल्वे लाभली नाही. हातकणंगले स्थानकापासून कोरोचीमार्गे तेथवर सुमारे १० किलोमीटरची गाडीवाट होती. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला आणि जहागीरदार नारायणराव ऊर्फ बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने या धंद्याने मूळ धरले. यंत्रमाग म्हणजे शक्तीवर चालणारा माग. त्याला सूत बाहेरून लागते आणि त्याचे कापड बाहेर विकावे लागते, म्हणजे दोन्ही बाजूंनी तो रस्त्यावर अवलंबून असतो. सुताची बाचकी स्थानकावरून गावात आणि कापडाच्या गाठी गावातून स्थानकावर, अशी ही दुहेरी वाहतूक बैलगाड्यांनी या छोट्या वाटेवरून केली. पुढे महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणून नाव कमावलेल्या या नगराच्या उभारणीत जहागीरदाराच्या दूरदृष्टीचा आणि विणकरांच्या कौशल्याचा जेवढा भाग आहे, तेवढाच त्या १० किलोमीटरच्या धुळीच्या वाटेचाही आहे.

गुळाचेही तसेच होते. उसाचे पीक मळीत वाढे, गुऱ्हाळे शेतातच लागत, आणि ऊस गाळून काहिलीत, म्हणजे रुंद पसरट कढईत, रस आटवून केलेल्या गुळाच्या ढेपा गाड्यांत रचून बाजाराला निघत. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला निश्चित स्थान मिळवून दिले. १९१७ मध्ये त्यांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावे रेल्वेलगत जयसिंगपूर ही नवी बाजारपेठ वसवली. अशा रीतीने खोऱ्याच्या वाटेची दोन्ही टोके दोन नव्या पेठांना जाऊन भिडली. गूळ हा पाण्याला नाजूक माल आहे, आणि त्याचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. वाटा सुकून कडक होण्याचा काळही नेमका तोच. कच्च्या रस्त्यावर विसंबणारी ही अर्थव्यवस्था ऋतुचक्राशी असा मेळ घालून उभी राहिली होती. ज्येष्ठातील कर्नाटकी बेंदूर हा बैलांचा सण झाला की बैल गाडीकडून शेताकडे वळत आणि वाट चार महिने विसावा घेई.

माणसांची ये-जा

या वाटांवरून केवळ माल गेला नाही. नृसिंहवाडीच्या दत्तदर्शनाला जाणारे यात्रेकरू, बाहुबलीच्या डोंगरावर जाणारे जैन भाविक, पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला दूरदूरहून येणारे धनगर हे सर्व याच मार्गांचे प्रवासी होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोजचा. गावोगावच्या मुलांना शाळेपर्यंत आणण्याचे कार्य ज्यांनी आयुष्यभर केले त्यांचे जन्मगाव याच तालुक्यातले आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

या संदर्भात माणगावच्या परिषदेचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी, तेव्हा कागल जहागिरीत असलेल्या माणगाव येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य समाजाची परिषद भरली आणि शाहू महाराजांनी तेथे जाऊन बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीरपणे मान्य केले. आधुनिक भारताच्या सामाजिक इतिहासातील ही घटना कोणत्याही राजधानीत किंवा मोठ्या शहरात घडली नाही. ती पंचगंगेच्या खोऱ्यातल्या, कच्च्या वाटांनीच जाता येईल अशा एका खेड्यात घडली. ज्या माणसांना गावातल्या कित्येक वाटांवरून चालण्याचाही मोकळा अधिकार नव्हता, ती माणसे त्या दोन दिवसांत हक्काने माणगावच्या वाटेला लागली. रस्त्याच्या इतिहासात त्याच्या पृष्ठभागाइतकेच महत्त्व त्यावरून कोण चालू शकतो या प्रश्नाला आहे, हे या परिषदेने अधोरेखित केले. त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आतच, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८ दरम्यान जवळच्या वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत स्त्रिया आणि मुले यांचा भरणा मोठा होता. युरोपातील युद्धाने घरदार गमावलेल्या माणसांनाही आसरा याच खोऱ्याने दिला.

मोटार, डांबर आणि वर्गवारी

मोटारगाडी आल्यावर खडीच्या रस्त्यांपुढे नवाच प्रश्न उभा राहिला. बैलगाडीचे चाक खडीला दाबते, तर वेगाने फिरणारे रबरी चाक खडीमधली माती उपसून उडवते, आणि बांधणारी माती निघून गेली की खडी सुटी होते. देशभर हीच तक्रार होती. तिच्या निवारणासाठी १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. रस्ते हा केवळ स्थानिक संस्थांचा विषय न राहता राष्ट्रीय जबाबदारी व्हावी, आणि पेट्रोलवरील जादा करातून त्यासाठी स्वतंत्र निधी उभारावा, अशी शिफारस या समितीने केली. त्यानुसार १९२९ मध्ये केंद्रीय रस्ता निधी अस्तित्वात आला. पुढे १९४३ च्या डिसेंबरात नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने रस्त्यांची राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी वर्गवारी केली आणि शेतीप्रधान भागातील कोणतेही खेडे मुख्य रस्त्यापासून ५ मैलांहून दूर राहू नये, असे उद्दिष्ट ठेवले.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि संस्थान-जहागिरींच्या हद्दींमुळे रस्त्यांवर आलेले अडसर दूर झाले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्यावर ग्रामीण रस्ते त्यांच्याकडे आले. याच काळात वारणा आणि पंचगंगा या दोन्ही खोऱ्यांत सहकारी साखर कारखाने उभे राहिले; वारणानगरला तात्यासाहेब कोरे आणि इचलकरंजीजवळ देशभक्त रत्नाप्पा कुंभार यांनी त्यांचे नेतृत्व केले. गूळ शेतातच तयार होत असे, परंतु साखरेसाठी ऊस तोडल्यावर लवकरात लवकर कारखान्यात पोहोचावा लागतो, कारण उशीर झाला की त्यातील साखरेचा उतारा घटतो. परिणामी रस्त्याची गरज पेठेपासून थेट फडापर्यंत, म्हणजे उसाच्या शेतापर्यंत, जाऊन पोहोचली. लोखंडी धावेच्या जागी रबरी टायरची गाडी आली, तिच्यामागून ट्रॅक्टर आले, आणि ज्या पाणंदी दोन बैलांच्या रुंदीच्या होत्या त्या अपुऱ्या पडू लागल्या. पंचगंगेवर जागोजाग बांधलेल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनीही वाटेचे काम केले. या बंधाऱ्यात दगडी खांबांच्या खाचांत पावसाळ्यानंतर बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात आणि पावसाळ्यापूर्वी ते काढून घेतात. त्याच्या माथ्यावरून आठ महिने लोक नदी ओलांडतात.

पाण्याची रेषा

दर पावसाळ्यात राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ हे बंधारे पाण्याखाली गेल्याची बातमी येते आणि खोऱ्यातील माणसांना नदीची पातळी कळते. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगेने ५५ फुटांची रेषा ओलांडली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक कित्येक दिवस बंद पडली आणि रुकडीजवळच्या पुलापाशी पाणी चढल्यामुळे रेल्वेही थांबली. देशातील अत्यंत वर्दळीच्या महामार्गांपैकी एक अशा रीतीने ठप्प झाला, तेव्हा कृष्णा-पंचगंगाकाठच्या लोकांनी गुळाच्या काहिलींचा नावेसारखा उपयोग केल्याची उदाहरणेही आहेत. २०१९ च्या महापुरानंतर शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. पूररेषेतील बांधकामे आणि नदीपात्रातील अडथळे यांचा विषय त्यानंतर वारंवार ऐरणीवर आला, आणि महामार्गांचे उंच भराव पुराचे पाणी तुंबवतात ही खोऱ्यातील शेतकऱ्यांची तक्रार आजही कायम आहे.

या तक्रारीला जुन्या वाटेचा इतिहास दुजोरा देतो. कच्चा रस्ता जमिनीच्या पातळीला धरून होता. पाणी आले तर ते त्याच्यावरून जाई, वाट काही दिवस बंद राही, आणि पाणी ओसरले की मुरमाचा एक हात देऊन ती पुन्हा सुरू होई. शक्यतो पुराच्या रेषेच्या वर राहणे आणि जेथे खाली उतरावेच लागेल तेथे पाण्याला आडवे न जाणे, ही त्या आखणीची दोन सूत्रे होती. याचा अर्थ कच्चा रस्ता हा आदर्श होता असा मुळीच नव्हे. पावसाळ्यात अडलेली बाळंतीण, दवाखान्यापर्यंत न पोहोचलेला रुग्ण आणि शाळेला मुकलेली मुले ही त्याची किंमत खेड्यांनी शतकानुशतके मोजली आहे, आणि बारमाही रस्ता हा प्रत्येक वस्तीचा न्याय्य हक्क आहे. २५ डिसेंबर २००० पासून सुरू झालेली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आणि २०२१ पासूनची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना यांनी त्या दिशेने मोठे पाऊल टाकले आहे.

तथापि पक्केपणाच्या ओढीत जुनी आखणी विसरली तर रस्ता मजबूत होऊनही खोरे दुबळे होते. हातकणंगले परिसरात पाणंदी काँक्रीटच्या होत असताना आणि महामार्ग रुंद होत असताना प्रत्येक ओढ्याच्या उताराला पुरेशी मोरी ठेवणे, भरावाखालून पुराला मोकळी वाट देणे आणि मळी व माळ यांच्यातील जुनी पाण्याची रेषा गावच्या नकाशावर कायमची नोंदवून घेणे, एवढे काम ग्रामपंचायती, जिल्हा परिषद आणि महामार्ग विभाग यांनी मिळून केले पाहिजे. ती रेषा सांगू शकणारी वृद्ध मंडळी आज गावोगाव आहेत. त्यांची साक्ष वेळीच लिहून ठेवावी.